ड्रिलिंगच्या परवानगीवर गिटार

अगं, आधी ऐक. मधे "हो का" पण म्हणू नकोस, माझी लिंक तुटते. नुसतं ऐक. मी अजून हादरलेलीच आहे. आणि हे कुणाला तरी सांगितलं नाही ना, तर मी फुटेन.

तर ते गाणं. तेच गं, सात मिनिटांचं, बाबांच्या कॉलेजच्या काळातलं, ज्यात मधे गिटारचा तो लांबलचक सोलो आहे. मी चौदा वर्षांची असल्यापासून दादा आणि मी म्हणतोय, एकदा हे घरी रेकॉर्ड करायचं. त्याची बेस गिटार, माझी नेहमीची गिटार. पण दादा पडला जहाजावरचा इंजिनियर. आठ महिने पाण्यावर, दोन महिने घरी. घरी आला की पहिला महिना झोपतो आणि दुसऱ्या महिन्यात जायची तयारी करतो. अशा पाच सुट्ट्या गेल्या. दर वेळी "पुढच्या सुट्टीत नक्की." ह्या वेळी काय झालं, तो आणि वहिनी तिच्या गावी घर घेतायत. म्हणजे आता जहाजावरून परत येईल तो तिकडेच. आपल्या घरी येईल तो पाहुणा म्हणून, बॅग घेऊन, सोफ्यावर झोपायला. आणि रविवारी दुपारी तो निघणार होता. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. हे मी त्याला बोलले नाही, त्यानेही मला बोलून दाखवलं नाही, पण शुक्रवारी सकाळी तो स्वतः उठून बेसच्या तारा पुसत बसला होता. दादा! सकाळी! मी तिथेच समजले.

बेसचं काम शुक्रवारीच उरकलं. बेस आम्ही सरळ वायरीने लॅपटॉपमध्ये घेतली. बाहेर जरासुद्धा आवाज नाही, कानात हेडफोन. दादा म्हणजे घड्याळ गं. दोन टेकमध्ये सात मिनिटं, एक सूर इकडचा तिकडे नाही. आणि मी म्हणजे त्या घड्याळाकडे बघत धावणारं माणूस. सोलो आला की मी पळायलाच लागते. दादा म्हणतो, "तुझा सोलो ऐकून वाटतं, तुला गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलंय."

माझी बाकीची गिटारही वायरीनेच झाली, मी म्हटलं, सोलो पण तसाच घेऊ. तर नाही! म्हणे, "वायरीतून सोलो म्हणजे फोटोतली आंघोळ. अँप लावायचा, त्याच्या स्पीकरसमोर माईक ठेवायचा, हवा हलली पाहिजे." आता हवा हलायला माझी हरकत नाही. पण आमच्या खाली भूकंपकाकू राहतात.

भूकंपकाकू हे नाव आमचंच. तीन वर्षांपूर्वी दादाने अँपवर बेसचा सगळ्यात खालचा सूर लावला, तर ह्यांच्या शोकेसमधल्या काचेच्या बाहुल्या हलायला लागल्या आणि काकू पासपोर्टची फाईल छातीशी धरून थेट रस्त्यावर. अनवाणी! रस्त्यावर जाऊन पाहतात तर बाकी कुणीच नाही, फक्त एक कुत्रा, तोही झोपलेला. काकू मनाने फार चांगल्या, पण त्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये नियम झाला, आवाजाचं कुठलंही काम असेल तर लेखी परवानगी.

आणि परवानगी देणार कोण? नियमकाका. आमच्या बरोबर वर राहतात, कमिटीचे सेक्रेटरी. ह्या माणसाने एकदा स्वतःच्याच बायकोला जिन्यात कुंडी ठेवली म्हणून नोटीस दिली होती, आणि तिने त्याला लेखी उत्तर दिलं होतं. दोन्ही कागद फाईलला आहेत.

मी गेले. त्यांनी फॉर्म काढला. फॉर्मवर तीन चौकोन. अ, ड्रिलिंग आणि तोडफोड. ब, समारंभ, पन्नासहून जास्त पाहुणे. क, इतर.

मी म्हटलं, "काका, इतर."

"इतरला पूर्ण कमिटी बसावी लागते. पुढची मीटिंग सत्तावीसला."

"अहो दादा रविवारी जातोय!"

"मग समारंभ लिही. पन्नास पाहुण्यांची यादी जोड."

"काका, आम्ही दोघंच आहोत."

तर त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि फार मोठं मन करून म्हणाले, "हे बघ, मी नियमाचा माणूस आहे, दगड नाही. ड्रिलिंग लिही. ड्रिलिंगचं मी सहीवर देऊ शकतो. शनिवारी चार ते पाच. तासाभरात तुमचं काय ते ड्रिल करून घ्या."

मी लिहिलं! काय करणार? "काम : ड्रिलिंग. साधन : गिटार." साधनापुढे त्यांनी टिक केली. शिक्का मारला. मी अशी खूश होऊन खाली आले की कागद उलटून मागची बाजू पाहिलीच नाही. तू पाहिली असतीस? मुंगीएवढ्या अक्षरात कोण काय वाचतं?

मग जिन्यात भेटले रेडिओआजोबा. चौथ्या मजल्यावरचे. एकतीस वर्षं रेडिओ केंद्रात नोकरी. मी रेकॉर्डिंग म्हटलं मात्र, आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. शनिवारी दुपारी दोन वाजता गादी डोक्यावर घेऊन दारात हजर. "खोली बोलते," म्हणाले, "तिला आधी गप्प करावं लागतं." मग खोलीच्या चारही कोपऱ्यांत जाऊन टाळ्या वाजवल्या, आणि प्रत्येक टाळीनंतर मान अशी हलवली जणू डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिलाय. घरातल्या झाडून सगळ्या गाद्या भिंतींना लागल्या. पडदे काढून जमिनीवर. आईच्या शाली खिडकीला. तरी खोली बोलतच होती म्हणे, म्हणून बाबांचं कपाट रिकामं करून सगळे शर्ट-पँट दोरीवर टांगले. बाबा बनियनवर हॉलमध्ये पेपर वाचत बसले होते, ते एवढंच म्हणाले, "संध्याकाळपर्यंत मला माणसात आणा." नंतर कळलं, आजोबा रेडिओत होते खरे, पण गाड्यांच्या विभागात. कुठल्या ड्रायव्हरने कुठे जायचं ते लावायचे. पण गाद्या मात्र मन लावून लावल्या त्यांनी, ते मान्य करायलाच हवं.

चार वाजले. अँप चालू. माईक चालू. लॅपटॉपवर लाल ठिपका. दादा हेडफोन लावून जमिनीवर बसलेला, त्याने बोट वर केलं, एक, दोन, तीन, आणि मी पहिला सूर छेडला.

डर्रर्रर्रर्र!

मला वाटलं अँप फुटला. थांबले. तर डर्रर्रर्र चालूच. मग डावीकडून एक डर्रर्र. मग वरून. मग खालून एक बारीक, दाढ कोरल्यासारखी. अगं, पूर्ण बिल्डिंग थरथरत होती! दादाने हेडफोन काढला, भिंतीला हात लावला आणि म्हणाला, "जहाजाच्या इंजिनरूममध्ये पण एवढं नसतं."

मी जिन्यात धावले. आणि तिथे नोटीसबोर्डवर आमच्या फॉर्मची दुसरी प्रत. मागची बाजू पुढे करून लावलेली! नियम सात : एका सदस्यास ड्रिलिंगची परवानगी मिळाल्यास इतर सर्व सदस्यांनी आपापलं ड्रिलिंग त्याच वेळेत उरकावं, म्हणजे सर्वांना एकदाच त्रास होईल.

एकदाच! सर्वांना! माझ्या तासात! अकरा घरं, अकरा ड्रिल. वर्षभर ज्याचं जे लटकवायचं राहिलं होतं, आरसे, घड्याळं, टीव्ही, टॉवेलचे दांडे, सगळे चार वाजायची वाट बघत टेबलावर चढून तयार. आणि सगळे खूश गं माझ्यावर! शेजारचे म्हणाले, "बरं झालं बाई तू परवानगी काढलीस, ही मागच्या वर्षापासून मागे लागली होती." आणि भूकंपकाकू! त्यांचं दार उघडं, त्या स्टुलावर, हातात ड्रिल, डोक्याला रुमाल. मला बघून ओरडल्या, "पडद्याचा दांडा लावतेय गं! तुझं पडलं का भोक?" ही बाई बेसच्या एका सुरावर पासपोर्ट घेऊन पळाली होती!

वर आले. सहा टेक घेतले. सहाही टेकमध्ये माझी गिटार लांबून ऐकू येते, शत्रूच्या गोळीबारात कोणीतरी अंगाईगीत म्हणावं तशी. साडेचार वाजले. मला रडूच आलं. दादा म्हणाला, "राहू दे गं. पुढच्या..." आणि थांबला. पुढच्या कशात, ते त्यालाही म्हणता येईना. मी त्याच्याकडे बघितलंच नाही, गिटारच्या खुंट्या पिळत बसले.

तेवढ्यात बेल वाजली. नियमकाका. अंगभर सिमेंटची धूळ, भुवया पांढऱ्या, हातात रजिस्टर. प्रत्येक घरी जाऊन काम झाल्याची नोंद करत होते. आत आले, गाद्या बघितल्या, दोरीवरच्या पँटी बघितल्या, माईक बघितला.

"भोक कुठाय?"

"काका, कसलं भोक?"

"ड्रिलिंगची परवानगी आहे. ड्रिलिंग म्हणजे भोक. भोक नसेल तर परवानगीचा गैरवापर. रजिस्टरला तसं लिहावं लागेल."

"अहो, तुम्हीच लिहायला सांगितलंत ना!"

"लिहायला मी सांगितलं. पाडायचं तुम्ही होतं." आणि वर म्हणतात, "गैरवापर झाला तर सहा महिने ह्या घरातून कुठलाही आवाज बंद. मी आंघोळ करून येतो, ही धूळ चावतेय. मी खाली येईपर्यंत किमान एक भोक दिसलं पाहिजे."

आणि ते गेल्या गेल्या कोण उठलं असेल? बाबा! बनियनवर, डोळ्यांत चमक. माळ्यावरून एक फळी काढली. ती फळी अकरा वर्षं माळ्यावर होती. पॅसेजमध्ये बाथरूमच्या दारावर लावायची म्हणून आणलेली. "नाहीतरी पाडायचंच आहे," बाबा म्हणाले, "तर मग फळी लागू दे माझी." आई म्हणाली, "प्लंबरला विचारा आधी, तिथून पाईप जातो की काय." तर दादा हसला. कसा हसला सांगू? इंजिनियर हसतात तसा. भिंतीवर बोटाने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, "आई, मी आख्खं जहाज चालवतो. इथे काही नाहीये." शेजाऱ्यांकडचं जादाचं ड्रिल आणलं, लावलं, दाबलं.

पिचकारी! अगं साधी नाही, समोरच्या भिंतीपर्यंत! बाबा न्हाऊन निघाले, पेपर गेला, फळी हातातच. दादाने पटकन भोकावर अंगठा दाबला, तर बाजूने कारंजं. आणि इतक्या सगळ्यात तो काय म्हणावा? "जहाजात पाईप दिसतात गं! भिंतीत कोण लपवतं?"

आणि आता खरा धक्का ऐक. वर नियमकाका आंघोळीत. त्यांचा नळ बंद पडला. ते साबण लावलेल्या अवस्थेत बाथरूमच्या खिडकीतून सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असे गरजले, "पाईप कोणी फोडला रेऽऽऽ?"

त्या क्षणी अकराच्या अकरा ड्रिल बंद.

एकदम. कारण प्रत्येकाला वाटलं, आपणच फोडला! अकरा घरांत अकरा माणसं टेबलावर उभी, श्वास रोखून, भिंतीतल्या भोकाकडे बघत. कोणी हूं नाही की चूं नाही. स्टुलाचा आवाज नाही, चमच्याचा आवाज नाही. मी त्या बिल्डिंगमध्ये जन्मापासून राहते, इतकी शांतता मी कधी ऐकली नाही.

चार त्रेपन्न झाले होते. आतल्या खोलीत अँप चालू. लाल ठिपका चालू. पाणी पॅसेजमध्ये, खोली कोरडी, मधे उंबरा.

आई ओरडली, "उभी काय राहिलीस, गच्चीवर जा, व्हॉल्व्ह बंद कर! माझे गुडघे, बाबांची कंबर, ह्याचा अंगठा अडकलाय. तूच धाव!"

आणि दादा अंगठा भोकात, चेहऱ्यावरून पाणी ठिबकतंय, माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "आधी सोलो."

"दादा, पाणी!"

"दोन मिनिटं धरतो. जा. पळू नकोस फक्त. मी मोजतो."

आता मी विचार केला असं म्हणाले तर खोटं होईल. मी विचार केलाच नाही. माझे पाय दाराकडे नाही गेले, खोलीकडे गेले. हेडफोन एका कानावर, त्यात दादाची शुक्रवारची बेस, आणि दुसऱ्या कानात पॅसेजमधून खरा दादा, "एक, दोन, तीन, चार, सावकाश, एक, दोन, तीन, चार." आई किंचाळतेय, "अगं वाजवतेस काय, व्हॉल्व्ह! व्हॉल्व्ह!" आणि मी वाजवतेय. आणि तुला सांगते, मी पळाले नाही. आयुष्यात पहिल्यांदा. प्रत्येक सूर जिथल्या तिथे. शेवटचा सूर मी असा लांब धरला ना, की तो संपेपर्यंत मला आईसुद्धा ऐकू आली नाही.

एक मिनिट पन्नास सेकंद. नंतर लॅपटॉपवर बघितलं मी.

मग गिटार टाकली आणि तीन मजले अशी चढले की रेडिओआजोबा दारातून म्हणाले, "गाडी पाठवू का?" व्हॉल्व्ह गंजलेला, दोन्ही हातांनी लोंबकळून फिरवला. बंद झाला. मी श्वास घेतला. आणि खालून आवाज आला. धडाम म्हणावं तर तसा नाही. मोठं काहीतरी दमून बसावं तसा.

भूकंपकाकूंचं छत. म्हणजे ते खोटं छत असतं ना, दिवे लावायला केलेलं, पांढरं. पाणी त्याच्यावर साचलं आणि हॉलमधलं अर्धं खाली आलं. काकूंना काही झालं नाही, त्या अजून स्टुलावरच होत्या. पण शोकेस, बाहुल्या, सगळ्यावर पांढरा चिखल. काकू तिथे उभ्या राहून एकच वाक्य परत परत म्हणत होत्या, "मी दांडा लावला, मी दांडा लावला." अगं त्यांना वाटत होतं त्यांनीच पाडलं! दादाने खाली जाऊन सांगितलं, भोक माझं आहे. माफी मागितली, रात्रीपर्यंत आम्ही दोघांनी मिळून चिखल काढला. रविवारी तो गेला. जाताना मला एवढंच म्हणाला, "झालं ना गाणं?" मी म्हटलं, "झालं." त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली, त्या सुजलेल्या अंगठ्यानेच. बास. बेसची पेटी माझ्या कपाटावर ठेवून गेलाय. जहाजावर इंटरनेट मिळालं की रोज तेच ऐकतो म्हणे.

नाही, इथे संपत नाही. तू चहा ढवळू नकोस, ऐक. काल संध्याकाळी काकू घरी आल्या. मी एकटीच होते. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. तर काकूंनी काय करावं? माझा हात हातात घेतला! म्हणाल्या, "तुझे आभार मानायला आले गं. मी खाली भोकाकडे बघत नुसती उभी होते, पाय उचलेना. वरून तुझी गिटार ऐकू येत होती. म्हटलं, बिचारी किती छान वाजवतेय, कानाला हेडफोन असणार, हिला कुठे माहितीय पाईप फुटलाय. आणि कळलं तशी पळालीस बघ तू! तुझ्यामुळे निदान अर्धं छत राहिलं माझं."

अगं! कळलं तशी! मी म्हणणार होते, काकू, थांबा. खरंच म्हणणार होते. तर त्या सोफ्यावर नीट टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "मला ते ऐकायचंय. तेवढाच भाग, ती शांतता झाली तेव्हाचा. फार गोड होतं गं. त्या गडबडीत तेवढीच एक गोष्ट नीट लक्षात राहिलीय माझ्या."

आणि त्या भागात काय आहे? माझा सोलो आहे, चांगला आहे. आणि त्याच्या खाली, सुरांच्या मधल्या प्रत्येक फटीत, स्वच्छ, गाद्यांमुळे तर आणखीनच स्वच्छ, आई ओरडतेय "व्हॉल्व्ह! व्हॉल्व्ह!" आणि दादा मोजतोय. ते काढून टाकता येत नाही, मी दोन दिवस प्रयत्न केला. आईला पुसलं की गिटार पुसली जाते. आणि दुसरा टेक? दुसरा टेक कुठून आणू? दादा नाही, तास नाही, ती शांतता तर देवसुद्धा परत देणार नाही.

काकूंनी हेडफोन स्वतःच उचलून कानाला लावले. उलटे लावले, मी सरळ करून दिले. डोळे मिटले त्यांनी. लॅपटॉप माझ्या मांडीवर, बोट बटणावर.

मी काय केलं ते राहू दे. तू माझ्या जागी असतीस ना, खरं सांग हं, काय केलं असतंस?